दारात अडकलेला आहेर

शिरवणे, नवी मुंबई
६ जानेवारी २०२६

नामा,

पत्राच्या सुरुवातीला 'चिरंजीव' आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायचं असतं. या वेळी लिहीत नाही. आशीर्वाद माझ्याजवळ पुष्कळ आहेत, पण रागाचा नंबर आधी लागलाय.

तू मला ब्लॉक केलंस. तुझ्या दाजींच्या फोनवरून लावला, तर त्यांनाही केलंस. रंजूच्या फोनवरून लावला, तर सख्ख्या भाचीलाही. मग शेजारच्या भागीरथीचा फोन मागून आणला. तू उचललास, माझं "नामा रं" एवढं ऐकलंस आणि ठेवून दिलास. भागीरथी समोर उभी होती. मी तिला म्हटलं, रेंज नाही वाटतं तिकडे. आता गुजरातच्या एवढ्या मोठ्या बंदरावर रेंज नाही, हे तिला पटलं असेल का, तूच सांग. म्हणून हा कागद. कागदाला ब्लॉक करायची सोय अजून कोणी काढलेली नाही. आमच्या मसाल्याची पाकिटं न्यायला रोज कुरियर येतो, त्याच्याबरोबर पाठवतेय.

मला समजत नाही, रुसायचा हक्क कोणाचा? रंजूचा साखरपुडा झाला नोव्हेंबरात. तू आला नाहीस. "बाय, जहाज लागलाय, क्रेन सोरून येता येत नाय," म्हणालास. मी म्हटलं, ठीक आहे, नोकरी आहे. पण एकुलता एक मामा, आणि भाचीच्या साखरपुड्याला ना साडी, ना फूल, ना रुपया. आगऱ्यांच्या कार्यात मामाकडून काही आलं नाही, तर बायका काय काय विचारतात ते तुला ठाऊक आहे. मी त्यांना काय उत्तर दिलं ते सांगणार नाही. आणि वर आठवड्याने ब्लॉक! चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं आय असती तर तुला तोंडावर म्हणाली असती.

तुझे दाजी म्हणतात, "कशाला लिवतंस? त्याला नको हाय तर रावदे." मी फक्त तारीख कळवायला लिहितेय. शुक्रवारी, २० फेब्रुवारीला हळद. शनिवारी लग्न. मुलगा हितेश, तुला फोटो पाठवला होता तोच, मिशीवाला. हळदीला धवले गायला गोजराआजी येणार आहे. तिने परवाच मला विचारलं, "मामाचा नाव गान्यात घेवाचा ना? मामा उबा रेल तवाच मी घेन. नुसत्या नावाला मी गात नाय." आजी किती हट्टी आहे, तुला माहीत आहे. ती खरंच गप्प बसेल.

आलास तर आलास. नाही आलास तर माझं काही अडत नाही.

सोबत मसाल्याची दोन पाकिटं आणि सुकट आहे. ती शर्मिलासाठी आहेत, तुझ्यासाठी नाहीत. सुकट भाजताना खिडक्या उघड्या ठेवा म्हणावं, तिथले शेजारी शाकाहारी आहेत.

विमल

*

शिरवणे
१७ जानेवारी २०२६

प्रिय नामा,

परवा तुझ्या बायकोने रंजूला एकच ओळ पाठवली. 'आधी आहेर परत करायचा, आणि मग पत्रं पाठवायची, ही कुठली रीत?'

मी ती ओळ वाचली आणि तशीच पाटावर बसले. आहेर परत? कोणी केला? कोणता आहेर? आपल्यात वैऱ्याचासुद्धा आहेर परत करत नाहीत. आहेर परत करणं म्हणजे नातं तोडून हातात देणं. मी शर्मिलाला फोन लावला, तिने उचलला नाही. तुझे दाजी म्हणाले, काहीतरी गैरसमज असेल. मी म्हटलं, असेल नाही, आहे, आणि तो शोधल्याशिवाय मी आज मिरच्या निवडणार नाही.

रंजू ऑफिसातून आली. तिने आमच्या दुकानाचा हिशोब उघडला, म्हणजे आमच्या वेबसाइटवर कोणाचे पैसे आले, कोणाचे गेले, ते जिथे दिसतं तो. मोठ्या ऑर्डरींच्या पानावर एक रकाना होता, परत गेलेल्या पैशांचा. त्यात केटरर, हॉटेलवाले, एक भिशी मंडळ. सगळ्या गोल रकमा. आणि मध्येच एक रक्कम, शेवटी एक रुपया वर. मी रंजूला म्हटलं, "थांब. केटरर कधी वरचा रुपया देत नाय. यो आहेर हाय."

तिने त्यावर बोट ठेवलं. आत तुझे शब्द होते. 'रंजूला मामाकडून. बाय, साडी तूच घे, मला रंगातलं कळत नाही.'

नामा, आम्ही दोघी स्वयंपाकघरात भोकाड पसरून रडलो. दाजी धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं.

आता नीट ऐक. मलाही हे सगळं रंजूने दोनदा समजावलं तेव्हा कळलं. कोणी माझा मसाला मागवला की त्याची बँक त्याच्याकडे पिन मागते. तो टाकतो. पैसे त्याच्या खात्यातून निघतात. मला इतके दिवस वाटायचं, तिकडून निघाले की माझ्या खात्यात पडले. तसं नसतं. मध्ये एक कंपनी असते, गिऱ्हाइकाच्या आणि माझ्या बँकेच्या मधोमध बसलेली. पैसे आधी तिच्याकडे जातात. ती चौकशी करते, आपलं कमिशन कापते आणि एक-दोन दिवसांनी उरलेले माझ्या खात्यात टाकते. साध्या पाकिटांना हे सगळं आपोआप होतं, कोणाला हात लावावा लागत नाही.

पण मोठ्या ऑर्डरींचं पान वेगळं. मागे एका केटररने एवढा मसाला मागवला की घरात तेवढ्या मिरच्याच नव्हत्या. पैसे तर येऊन बसले होते. ते परत केले, पण मधल्या कंपनीने आपलं कमिशन काही सोडलं नाही. रंजू भडकली. तेव्हापासून तिने त्या पानाला अट घातली, की पैसे आले तरी आम्ही आधी माल बघणार आणि मग 'स्वीकारा' असं बटण दाबणार. ते दाबेपर्यंत पैसे मधल्या कंपनीकडे थांबतात. तुझ्या खात्यातून गेलेले असतात आणि माझ्याकडे आलेले नसतात. पाच दिवसांत कोणी बटण दाबलं नाही, तर कंपनी समजते दुकानदाराला नको आहेत, आणि आल्या वाटेने परत पाठवते. पाहुणा दारापर्यंत आलेला असतो रे, पण 'आत ये' म्हणायला घरात कोणीतरी लागतं.

आणि घरात कोणी नव्हतं. साखरपुडा आणि त्यानंतरचे पाहुणे, आठवडाभर सगळे त्यातच होते! दुकानाचा फोन मी कपाटात साड्यांखाली ठेवला होता, कार्यात सारखा वाजायला नको म्हणून. वेबसाइटवर रंजूने 'घरच्या कार्यामुळे बंद' अशी पाटी लावली होती, पण मोठ्या ऑर्डरींच्या पानावर ती लावायची राहिली. तू ज्या कार्याला आहेर पाठवलास, त्याच कार्याच्या गडबडीत तुझा आहेर दारात ताटकळला. आणि मशीनला काय कळतंय आहेर म्हणजे काय? तिने तुला सरळ कळवलं, 'विमल घरगुती मसाले यांनी तुमचे पैसे परत केले आहेत.' माझं नाव घालून! मी तर तेव्हा, साखरपुड्यानंतर जेवायला बोलावलेल्या रंजूच्या सासूला पोळीवर तूप वाढत होते.

आता ते उत्तर सांगते, जे मागच्या पत्रात सांगणार नव्हते. साखरपुड्याच्या दिवशी बायका विचारू लागल्या, मामाकडून काय आलं? मी म्हटलं, ही काय नेसलीय ती, मोरपिशी, जरीची, तिच्या मामानेच पाठवलीय. साडी मी वाशीहून आणली होती. तुझी लाज राखायला खोटं बोलले, आणि मनात तुला शिव्या घालत होते. आणि तू तिकडे लिहून बसला होतास, साडी तूच घे. म्हणजे मी खोटं बोललेच नाही. तुझ्या आहेराची साडी तुझ्या भाचीच्या अंगावर होती, फक्त पैसे वाटेत होते.

आता तरी ब्लॉक काढ. शर्मिलाला सांग, नणंद वाईट नाही, नणंदेचं बटण वाईट आहे.

तुझीच,
बाय

*

शिरवणे
२ फेब्रुवारी २०२६

प्रिय नामा,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं पत्र, पण तुझ्या हातचं. अक्षर शाळेत होतं तसंच आहे, कोंबडीचे पाय.

दोन गोष्टी लिहिल्यास. पहिली वाचून मला तुझा एवढा कळवळा आला की विचारू नकोस. मी विचार करत होते, हा नेहमी माझ्या नंबरवर पैसे पाठवतो, मग आहेर दुकानाच्या पानावर कशाला घातला? तर दिवाळीत मी तुला सहज बोलले होते, की मसाला कुटायचा नवीन डंक घ्यायचा आहे, आणि बँक म्हणते वेबसाइटवर किती आवक होते ते बघून कर्ज देऊ. ते तू लक्षात ठेवलंस. भाचीला आहेरही होईल आणि बहिणीच्या दुकानाची आवकही वाढलेली दिसेल, असा हिशोब केलास. अरे वेड्या, असं कोण करतं? बँकेला आहेर दाखवून कर्ज कोण काढतं? रंजू म्हणाली, "आई, हे बेकायदेशीर हाय, मामाला सांग." मी म्हटलं, सांगेन. तर सांगितलं. पुन्हा करू नकोस. पण केलंस ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, 'मेसेज बघितला तेव्हा मला लगेच वाटलं, बायने प्लॉटचा राग काढला.'

लगेच वाटलं, असं लिहिलंस. म्हणजे तुझ्या मनात ते आधीपासून होतं. मशीनने नुसतं बटण दाबलं.

मग आता बोलूच. बाबांची तळवलीची जमीन सरकारकडे गेली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, आणि तू मला हक्क सोडायच्या कागदावर सही करायला बोलावलंस. मी केली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्यात बहिणी करतातच, आणि मला ती करायचीच होती, कारण तुला दोन पोरं आणि मला तेव्हा दाजींचा पगार चालू होता. त्या सहीचा मला एक दिवस पश्चात्ताप झालेला नाही, तुझ्या पोरांच्या गळ्याची शपथ.

पण मला राग नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग आहे. सही झाल्यावर तू मला कचेरीच्या बाहेर रिक्षात बसवलंस. रिक्षावाल्याला भाडंसुद्धा तूच देऊन टाकलंस. "बाय, सावकाश जा," म्हणालास. तळवलीला आपलं घर किती लांब होतं तिथून? आय होती तोवर मी तिकडे आले आणि न जेवता परत गेले, असं एकदा तरी झालं होतं का? त्या दिवशी तू जेवायला चल म्हणाला नाहीस. मी रिक्षात बसून वाट बघत होते, की आता म्हणशील, आता म्हणशील. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हासुद्धा मागे वळून बघितलं. वाटलं, सही झाली, आता माहेर संपलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. दाजींनी विचारलं, जेवलीस का, तर म्हटलं, हो, नामाने पोटभर जेवायला घातलं, बोंबलाचं कालवण होतं.

तुझी लाज राखायला मी किती खोटं बोलले, याचा विचार कर.

बहुतेक तुलाही त्या दिवशी वाईट वाटत असेल, म्हणून तोंड चुकवत असशील. आता कळतंय. तेव्हा नाही कळलं. तू वाईट वाटून गप्प बसलास, मी वाईट वाटून गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात मशीनचं फावलं.

प्लॉट तुझा. त्यावर काय बांधायचं ते बांध, दहा मजले चढव. पण तुझ्या घरच्या ताटावरचा हक्क मी कुठल्याही कागदावर सोडलेला नाही. तो सांभाळून ठेव.

हळदीला ये. शर्मिलाला आण, पोरांना आण. गोजराआजीला मी अजून काहीच सांगितलेलं नाही, ती रोज विचारते.

तुझी,
बाय

*

शिरवणे
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय नामा,

ब्लॉक काढलास ते सकाळी कळलं, तुझं ते क्रेनवरचं टोपीवालं तोंड पुन्हा फोनवर दिसायला लागलं. फोन करू शकले असते. केला नाही, कारण तू "बघतो बाय" म्हणशील आणि मी "बरं" म्हणेन, आणि तिथेच संपेल. मला जे म्हणायचं आहे ते पूर्ण म्हणू देणारा एवढा कागदच आहे. कुरियरने पोहोचायला उशीर होईल, म्हणून रंजू या पानाचा फोटो काढून तुला पाठवतेय. कागदही मागून येईल.

आज सकाळी दुकानाचा फोन वाजला. मी डंकावर निघाले होते. बघते तर मोठ्या ऑर्डरींच्या पानावर तुझे पैसे. तेवढेच. वरचा रुपयाही आहे. खाली लिहिलंस, 'सुट्टी मंजूर झाली नाही. येणं जमणार नाही. आता तरी आहेर घे बाय.'

घरात गोंधळ उडाला. रंजू ओरडली, "आई, दाब लवकर, इसरशील!" दाजी चष्मा शोधायला लागले, त्यांना स्वतःच्या हाताने दाबायचं होतं. मांडवाचं सामान आणणाऱ्यांनीसुद्धा विचारलं काय झालं. मी फोन पदराखाली घेतला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. इथूनच लिहितेय. समोर मांडवाचे बांबू उतरवतायत.

'स्वीकारा' असं निळं बटण आहे, पैशाच्या शेजारी. बोट ठेवायचं काम आहे, बस.

नामा, मी ते दाबलेलं नाही.

तू म्हणशील, एवढी रडलीस, एवढं समजावलंस, आणि आता काय झालं? सांगते. त्या दिवशी तू येऊ शकत नव्हतास म्हणून आहेर पाठवलास, त्यात तुझा जीव होता. आज तू यायचं टाळतोयस आणि आहेर पुढे करतोयस. सुट्टीचं मला सांगू नकोस. गेल्या वर्षी मेहुण्याच्या लग्नाला चार दिवस गेलास, शर्मिलाने फोटो टाकले होते. तुला सुट्टीची अडचण नाही. अडचण माझ्या समोर उभं राहायची आहे. मागच्या पत्रात मी रिक्षाचं लिहिलं, ते तुला लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतं, पण तू लांब बसावंस म्हणून नव्हतं लिहिलं. तू आलास तर मी रिक्षाचा विषय काढणार नाही. काढला तर जेवताना काढेन, आणि तू मान खाली घालून जेव, संपलं. भावाबहिणीत आणखी काय असतं?

हे पैसे मला पुन्हा रिक्षाच्या भाड्यासारखे वाटतायत. आधीच देऊन टाकलेले, 'सावकाश जा' म्हणत. मला नकोत असे. तू बरोबर असशील तर वरचा एक रुपयासुद्धा पुरे, बाकीचे ठेव तुझ्याकडे.

आता नियम तुला माहीत आहे, मीच शिकवला. पैसे आज आलेत. शनिवारपर्यंत दारात थांबतील. शुक्रवारी हळद आहे. तू ये, पाय धू, चहा घे, मग मी फोन तुझ्या हातात देते आणि तुझ्याच बोटाने बटण दाबायला लावते, सगळ्या गावासमोर. नाही आलास, तर मी फोन कोणाच्या हाती लागू देणार नाही. रंजूच्या नाही, दाजींच्या नाही. आणि शनिवारी, तुझी भाची बोहल्यावर उभी असताना, तुला तिकडे क्रेनवर तोच मेसेज येईल, माझ्या नावाचा.

त्या वेळी मशीनवर ढकलू नकोस. घरात माणसं असतील, फोन माझ्या कमरेला असेल आणि मला सगळं कळत असेल. या वेळी आहेर मी परत केलेला असेल.

मला तो परत करायचा नाही रे. ये.

तुझी,
बाय